तोंडी सगळं येतं, वही मात्र कोरी: चौथीतल्या एका मुलाबद्दल

प्रश्न चौथीच्या एका वर्गशिक्षिकेचा आहे. अनुदानित मराठी शाळा, पटावर ४६ मुलं. त्या लिहितात: "एक मुलगा परिसर अभ्यासाच्या तासाला सगळ्यांच्या आधी हात वर करतो. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली का जातं हे त्यानंच वर्गाला समजावलं. पण वही कोरी. वाचायला उभं केलं की पोट दुखतं. आई म्हणते आळशी आहे, मुख्याध्यापक म्हणतात आधी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आणू दे. अशा मुलांच्या मेंदूत दोष असतो म्हणतात, म्हणजे नेमकं काय? आणि मी वर्गात काय करायचं?"

बाई, प्रमाणपत्राचं नंतर बोलू. आधी त्या पोटदुखीबद्दल. ती खोटी नसते. २४ वर्षं मी अशा मुलांना शिकवतेय. वाचनाच्या तासाला खरोखर उलटी झालेली मुलं पाहिली आहेत आणि तीच मुलं खेळाच्या तासाला ठणठणीत असतात. त्यावरून 'नाटक करतो' असा निष्कर्ष काढला जातो. वर्गात उद्या आपल्याला सगळ्यांसमोर चिनी भाषेत उतारा वाचायचा आहे असं कळलं, तर आपल्याही पोटात गोळा येईल, आणि मैदानावर गेल्यावर तो जाईल.

त्याचा दिवस त्याच्या बाकावरून बघा. सकाळी फळ्यावर दिनांक, वार, सुविचार. तुम्ही किंवा मी फळ्याकडे एकदा बघतो, अख्खं वाक्य डोक्यात धरतो आणि खाली मान घालून लिहितो. तो एक अक्षर उचलतो, वहीपर्यंत येता येता वेलांटी निसटते, पुन्हा मान वर. मधल्या वेळात फळ्यावरची आपली जागा हरवते. एका ओळीसाठी वीस-पंचवीस वेळा मान वर-खाली होते. तो तिसऱ्या ओळीवर पोचतो तेव्हा तुम्ही फळा पुसलेला असतो. हे मराठीच्या तासाला, मग गणिताच्या, मग परिसर अभ्यासाच्या. आपल्या शाळेत कुठल्याही विषयाच्या दारावर पहारेकरी एकच: वाचता-लिहिता येतं का? विहिरीचं पाणी का आटतं हे त्याला कळलंय, पण ते कळल्याचा पुरावा वहीत मागितला जातो. आणि वही तपासून डायरीत शेरा जातो, 'गृहपाठ अपूर्ण'.

आता मेंदूचं. 'दोष' हा शब्द मला फारसा पटत नाही, पण वायरिंग वेगळी असते हे खरं. बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं, त्यासाठी शाळा लागत नाही. लिपी ही माणसानं जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी काढलेली युक्ती आहे. तिच्यासाठी मेंदूत राखीव जागा नाही. प्रत्येक मूल वाचायला शिकतं तेव्हा दुसऱ्या कामांसाठी असलेल्या भागांना नव्यानं जोडून घेतं. हे मुख्यतः डाव्या बाजूला घडतं. मागच्या बाजूला खाली एक भाग शब्दाचा आकार एका नजरेत ओळखायला शिकतो. त्याच्या वर, कानामागच्या बाजूला, अक्षर आणि आवाज यांची सांगड घातली जाते. पुढचा भाग उच्चार जुळवतो. सराईत वाचकात हे पाव सेकंदाच्या आत होऊन जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. वाचन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या मुलांमध्ये वाचताना मागचे हे दोन भाग कमी काम करताना दिसतात. जोडणी कच्ची राहते, म्हणून प्रत्येक शब्द हा नवा शब्द असतो.

दोन गोष्टी यातून निघतात. हा बुद्धीचा प्रश्न नाही, कारण विचार करणारी यंत्रणा शाबूत आहे. आणि हे साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही. माझ्याकडे पालक हजारो रुपये घालवून मेंदूचे फोटो घेऊन येतात, रिपोर्ट नॉर्मल असतो, आणि मग घरी 'डॉक्टर म्हणाले काही नाही, म्हणजे हा आळशीच' असं ठरतं. संशोधनातले जे फोटो तुम्ही पाहिले असतील ते मूल वाचत असताना खास पद्धतीनं घेतलेले, अनेक मुलांची सरासरी काढलेले असतात. एका मुलाचं निदान त्यावर होत नाही. याच प्रकारच्या अभ्यासांतून एक चांगली गोष्टही पुढे आलीय: नेटानं, पद्धतशीर शिकवल्यानंतर या मुलांच्या त्याच भागांमधलं काम वाढतं.

हे दुर्मीळही नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रमाण वर्गीकरणात शाळकरी मुलांमधलं सगळ्या अध्ययन अक्षमतांचं, म्हणजे वाचन, लेखन आणि गणित यांतल्या अशा अडचणींचं, प्रमाण ५ ते १५ टक्के दिलंय. तुमच्या ४६ च्या वर्गात खालचा आकडा धरला तरी दोघंजण निघतील. म्हणजे तुमच्याकडे आणखी कोणीतरी आहे जे तुम्हाला अजून दिसलेलं नाही. बहुधा ती मुलगी असेल. मुलगा वैतागला की खडू फेकतो, बाकाखाली शिरतो आणि आपलं लक्ष वेधतो. मुलगी मान खाली घालून शेजारणीच्या वहीतलं सुंदर अक्षरात उतरवते, आणि आपण 'टापटीप' असा शेरा देऊन पुढे जातो.

मला खरं बोलायचंय ते मराठीबद्दल. डिस्लेक्सियाची लक्षणं म्हणून आपल्या प्रशिक्षणात जी यादी देतात ती बहुतेक इंग्रजीवरून उचललेली असते: बी आणि डी उलटे लिहितो, 'सॉ'चं 'वॉज' वाचतो. आपले शिक्षक देवनागरीत उलटी अक्षरं शोधत बसतात, सापडत नाहीत, आणि मूल सुटतं. इंग्रजीत अक्षर एक, उच्चार चार, म्हणून तिथं मूल चुकीचं वाचतं. मराठीत बव्हंशी जसं लिहिलं तसं वाचायचं. त्यामुळे आपलं मूल चौथीपर्यंत बरोबर वाचायला शिकूही शकतं, पण इतकं सावकाश, की वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मराठीत पहिली खूण चूक नसते, संथपणा असतो.

चुका होतात त्या कुठे, ते बघा. व्यंजनं बरीचशी येतात, चिन्हं निसटतात. मात्रा, उकार, अनुस्वार. पहिल्या वेलांटीची गंमत तर मुलाच्या जागी बसून बघायला हवी. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण बोलताना 'क' आधी आणि 'इ' नंतर. रफार त्याहून वाईट. 'पर्वत' म्हणताना 'र' येतो 'व'च्या आधी, आणि लिहायचा 'व'च्या डोक्यावर. ज्याची आवाज-अक्षराची जोडणी पक्की आहे तो हे सहज पचवतो. कच्ची जोडणी असलेला 'र्पवत' लिहितो, आणि त्याच्या कानाच्या हिशेबानं ते बरोबरच असतं. मग जोडाक्षरं. शिवाय दिसायला जवळची: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. आणि 'ख'चं 'रव'.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र पुरावा म्हणून धरू नका. 'पाणी'तली वेलांटी पहिली की दुसरी हे ऐकून कळत नाही, ते नियमानं लक्षात ठेवावं लागतं. त्यावरून निदान करायचं तर गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांना प्रमाणपत्रं द्यावी लागतील.

आणखी एक. ही मुलं लपवण्यात तरबेज असतात. बाराखडी गाण्यासारखी म्हणतात, पण तक्त्यावर 'कू' दाखव म्हटलं की बोट 'क'पासून 'का, कि, की' करत निघतं. धडे ऐकून पाठ असतात. माझ्याकडे आलेला एक मुलगा तिसरीच्या पुस्तकातला धडा झकास वाचत होता, पान संपलं, तो उलटायला विसरला आणि पुढची चार वाक्यं तशीच वाचत राहिला. म्हणून पारख करायची तर पाठ्यपुस्तकातून करू नका. न पाहिलेला, दुसरीच्या पातळीचा उतारा द्या, एक मिनिट घड्याळ लावा आणि किती शब्द झाले ते लिहा. मग वर्गातल्या चार-पाच मध्यम मुलांकडून तेच करून घ्या. फरक तुमच्या डोळ्यांसमोर येईल. त्यानंतर अर्थ नसलेले शब्द वाचायला द्या, 'नगुटी', 'पेलमो', 'शिराकू' असे. तिथं अंदाज चालत नाही. शेवटी तोंडी खेळ: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'बटाटा' उलटा म्हण. यात कागद नाही, अक्षर नाही, तरीही तो अडखळला तर गाठ आवाज ओळखण्यात आहे, डोळ्यांत नाही.

गणितात मराठीनं वेगळीच मेख मारून ठेवलीय. आपण 'सत्तावीस' म्हणतो तेव्हा आधी सात, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग सात. मूल ७२ लिहितं. 'एकोणसाठ' तर खास: कानाला 'साठ' ऐकू येतं, लिहायचे मात्र पाच आणि नऊ. मुलं ६९ लिहितात, ६१ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विनोद गेले. भाषेबद्दलची लोकांची काळजी मला कळते. पण माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या मुलांसाठी ती शिडी होती, आणि मी ती तेव्हाही वापरत होते, आजही वापरते. आधी 'पन्नास नऊ', मग 'एकोणसाठ'.

यात एक फरक करायला हवा. संख्येचं नाव आणि अंक यांचा गोंधळ हा भाषेचा असू शकतो. गणन अक्षमता, म्हणजे डिसकॅल्क्युलिया, त्याहून खोल असते. तिथं '८ मोठे की ५' यालाही विचार करावा लागतो, चौथीतही ६ अधिक ३ बोटांवर, आणि तेही एकपासून मोजत. पाढा आज पाठ, उद्या कोरा. वीस रुपयांतून किती परत येतील याचा अदमासच नसतो. 'पाढे पाठ कर' हा त्यावर उपाय नाही, कारण त्या मुलाला सात म्हणजे किती हेच हाताला लागलेलं नाही. चिंचोके, माळेचे मणी, दहाचे गठ्ठे, खरी नाणी, इथपर्यंत मागे जावं लागतं.

लक्ष न लागण्याबद्दल थोडक्यात. अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, ही वेगळी अवस्था, पण ती पुष्कळदा जोडीनं येते. ओळखायची साधी युक्ती: मूल सगळ्याच तासांना सैरभैर आहे, की फक्त वही उघडल्यावर? गोष्ट सांगताना तो टक लावून ऐकत असेल तर आधी वाचनाकडे बघा. एडीएचडीसाठी बालमानसोपचारतज्ज्ञ औषध देऊ शकतात. वाचन अक्षमतेसाठी औषध नाही, कोणी देत असेल तर घेऊ नका.

पण चिठ्ठी लावायच्या आधी थांबा. डोळे आणि कान तपासून घ्या. हजेरीपट बघा. ऊसतोडणीला गेलेल्या घरातलं मूल दिवाळीनंतर जातं ते उन्हाळ्याच्या तोंडावर येतं. त्याला वाचता येत नसेल तर ती अक्षमता नव्हे, त्याला शिकवलंच गेलेलं नाही. घरी पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी ही दुसरी भाषा असते. या मुलांच्या कपाळावर अक्षमतेचा शिक्का मारणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय. तुमच्या मुलाची तोंडी समज उत्तम आहे, हे तुमच्या पत्रावरून दिसतं. हजेरी आणि घरची भाषा तेवढी तपासून घ्या. तिथं काही आढळलं नाही, तर शंका घ्यायला जागा आहे.

आता सोमवारपासून काय. मुख्याध्यापकांना सांगा, यातल्या कशालाही प्रमाणपत्र लागत नाही.

अचानक उभं करून वाचायला लावणं आजपासून बंद. वाचायला द्यायचंच तर आदल्या दिवशी सांगा, 'उद्या ही तीन वाक्यं तुझी', म्हणजे घरी ताईकडून तयारी होईल. एरवी सगळ्यांनी एका सुरात वाचायचं, त्यात तो झाकला जातो आणि अक्षरावर बोटही फिरतं. फळ्यावरचं सगळं उतरवायची सक्ती नको. पाच ओळींपैकी दोन त्यानं लिहायच्या, बाकीच्या शेजाऱ्याच्या वहीवरून चिकटवायच्या. झेरॉक्सचे दोन रुपये शाळेला जड नाहीत. परिसर अभ्यासाचे प्रश्न मधल्या सुट्टीत तोंडी विचारा आणि गुण द्या. लेखी उत्तर तपासताना आशयाचे गुण वेगळे, शुद्धलेखनाचे वेगळे. सूचना एका वेळी एकच. 'पुस्तक काढा, पान ३४, दुसरा प्रश्न, वहीत समास सोडून' यातलं त्याला 'पुस्तक काढा' एवढंच मिळतं. लिखाणाला दुरेघी वही, गणिताला चौकटीची, म्हणजे एकक-दशक घसरत नाहीत.

लाल शाईबद्दल माझीच चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीला 'विद्यार्थी' हा शब्द ५० वेळा लिहायला लावला होता. बाराव्या ओळीला रफार सरकून 'विर्द्याथी' झाला, आणि पुढच्या सगळ्या ओळी तशाच. तिनं चुकीचा सराव केला आणि तो करायला मीच लावलं. तेव्हापासून ओळी बंद. आता मी एका वेळी एकाच प्रकारची चूक धरते. या पंधरवड्यात फक्त अनुस्वार. बाकीच्या चुका मला दिसत नाहीत, असं समजायचं.

रोज दहा मिनिटं काढता आली तर सोनं. परिपाठाआधी किंवा डब्यानंतर, हवं तर शेजारणीच्या वहीतलं उतरवणाऱ्या त्या मुलीलाही घेऊन दोघांना. बाराखडी ओळीनं म्हणून घेऊ नका. एक चिन्ह घ्या, समजा मात्रा, आणि ते आठवडाभर वेगवेगळ्या अक्षरांवर: के, मे, ले, मग केळे, मेले, वेळ. बोलत, ऐकत, बोटानं गिरवत, एकाच वेळी. अमेरिकेत ऑर्टन नावाच्या मेंदूतज्ज्ञानं आणि गिलिंगहॅम या शिक्षिकेनं शंभर वर्षांपूर्वी ज्या पद्धतीचा पाया घातला, तिचा गाभा हाच आहे. आपल्याकडे पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षर काढायची धूळपाटी होती, ती आपण अडगळीत टाकली. ताटात रांगोळी पसरा, तेच काम होतं. आणि शनिवारी गावांच्या नावांच्या भेंड्या लावा. शेवटचा आवाज पकडायचा, त्यावरून नवा शब्द शोधायचा. मी पैसे घेऊन जे करून घेते तेच.

'ढ' हा शब्द वर्गातून हद्दपार करा, मुलांच्या तोंडचाही. ब्राह्मीपासून ज्याचा आकार फारसा बदलला नाही ते अक्षर म्हणून न बदलणाऱ्या पोराला 'ढ' म्हणायचं, असं सांगतात. खरंखोटं लिपीचे अभ्यासक जाणोत, पण मुलाला तो शब्द ऐकू जातो.

आता प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक. महाराष्ट्र यात आधीपासून पुढे होता, १९९६ पासून इथं या मुलांना परीक्षेत सवलती आहेत. जादा वेळ, लेखनिक, एखादी भाषा वगळणं, गणिताला सोपा पर्याय. नेमक्या सवलती बोर्डाच्या चालू परिपत्रकातून बघून घ्या. मुंबईत शीव, केईएम आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते, इतरत्र जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. बालरोगतज्ज्ञ, डोळे, कान, बुद्धिमापन आणि मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या असा क्रम असतो. पूर्वी मराठी मुलांनाही इंग्रजीवर बेतलेल्या चाचण्या लावायचे, आता मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. ती वापरणार का, हे आवर्जून विचारा. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून चौथीतच सुरुवात केलेली बरी. दहावीच्या जानेवारीत धावत येणारे पालक बघून जीव तुटतो. जाताना तुमची एका मिनिटाच्या वाचनाची नोंद, दोन वह्या आणि तोंडी उत्तरांबद्दलच्या चार ओळी बरोबर द्या. तपासणाऱ्यासाठी ते मोलाचं असतं.

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग, बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणं, वाचन सुधारतं म्हणून विकले जाणारे रंगीत चष्मे, यावर पालकांना एक रुपयाही घालू देऊ नका.

राहिली आई, आणि वडील. पालकसभेला दोघांनाही बोलवा. हे घराण्यात चालतं, जवळच्या नात्यात कोणाला असेल तर शक्यता कैक पटींनी वाढते. कित्येकदा मी बोलत असते मुलाबद्दल, आणि शेजारी बसलेला बाप हळूहळू मान खाली घालतो, कारण आपण सहावीत शाळा का सोडली होती हे त्याला पहिल्यांदाच कळत असतं. म्हणून त्यांच्या हातात माहितीपत्रक देऊन 'हे वाचा आणि सही करा' म्हणू नका. समोर बसवून सगळं तोंडी सांगा, आणि फॉर्म तुम्हीच भरा.